गडग्यापलीकडचे डाग

आत्माराम भुवड एकतीस वर्षं कृषी सहायक होता. त्यातली निम्मी वर्षं त्याने मंडणगडच्या वाड्यावाड्यांतून चढउतार करत काढली आणि निवृत्त झाल्यावर पावसजवळच्या आपल्या गावी येऊन राहिला. गावात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणायचे. कुणाच्या वांग्याला बुरशी आली, कुणाच्या वेलीचा शेंडा मुरडला, की ते पान पिशवीत घालून माणसं त्याच्या अंगणात यायची. तो चष्मा कपाळावर चढवायचा, पान उन्हात धरायचा, पालथं करून बघायचा, डाग नखाने खरवडायचा आणि मग रोगाचं नाव सांगायचा. ते सांगताना त्याचा आवाज थोडा जड व्हायचा. तो सहसा चुकत नसे, आणि आपण चुकत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

शेजारची दमयंती तेवढी त्याला साहेब म्हणत नसे. ती ‘भाऊ’ म्हणायची. तिचा नवरा रघू मुंबईत एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होता. गणपतीला आणि शिमग्याला तेवढा यायचा. भात कापून झालं की तिचा मळा पावसाळ्यापर्यंत नुसता पडून असायचा. यंदा आत्मारामनेच तिला सुचवलं होतं, “विहिरीला पाणी आहे तुझ्या. कलिंगड लाव. मी आहे ना शेजारी.”

तेवढ्या शब्दावर तिने कलिंगड लावलं. तिचं बघून बचतगटातल्या योगिनीने पलीकडच्या तुकड्यात लावलं आणि दोघींचं बघून वरच्या वाडीतल्या बाबल्याने आणि आणखी पाच घरांनीही लावलं. जानेवारी निम्मा सरला तेव्हा दमयंतीच्या मळ्यात वेल चांगले पसरले होते आणि पिवळ्या फुलांच्या मागे लिंबाएवढी फळं धरली होती. ती सकाळ-संध्याकाळ मळ्यात जायची, पण फळं मोजायची नाही, मोजली की दृष्ट लागते म्हणायची. नुसती बघून यायची.

आत्मारामची आंब्याची बाग आणि तिचा मळा यांच्यामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता. बाग समुद्राच्या अंगाला, मळा आतल्या अंगाला. गडग्याच्या बुडाशी आत्मारामच्या बाजूने रान माजलं होतं. कोयत्याने साफ करायला दोन दिवस गेले असते. त्याने तणनाशक मारायचं ठरवलं. औषध स्पर्शजन्य होतं. झाडाच्या मुळापर्यंत जाणारं नव्हे. जिथे थेंब पडेल तिथलीच हिरवी पेशी जाळणारं. ऊन कडक असलं तर ते आणखी लवकर काम करतं, दुसऱ्या दिवशीच पान करपलेलं दिसतं.

हे औषध केव्हा मारायचं हे त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा सकाळचा मतलई वारा पडला की समुद्रावरून खारा वारा सुटेपर्यंत थोडा वेळ पान हलत नाही, तेवढ्यातच पंप चालवायचा. पण त्या दिवशी पहाटे वीज गेली आणि पंपाची बॅटरी चार्ज झालेली नव्हती. वीज दहाला आली. त्याने साडेअकराला पहिली टाकी भरली. साडेबारापर्यंत निम्मा गडगा झाला आणि दुसरी टाकी कालवून झाली. मग माडांच्या झावळ्या आतल्या बाजूला कलायला लागल्या.

त्याने ते बघितलं. नोझलमधून निघणारा फवारा धुक्यासारखा उचलून गडग्यावरून पलीकडे जाताना बघितला. कालवलेलं औषध ठेवून चालत नाही, ओतून टाकायला जीव होत नाही, आणि उरलंय किती, दहा-पंधरा हात. “तोंड खाली धरलं की झालं,” असं तो स्वतःशीच म्हणाला आणि ती दहा-पंधरा हात जागा त्याने पूर्ण केली. घरी येऊन अंघोळ केली, जेवला आणि आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दमयंती धापा टाकत अंगणात आली. तिच्या हातात कलिंगडाची दोन पानं होती.

“भाऊ, जरा येता काय मळ्यात? काल संध्याकाळी पानं पाण्यात भिजल्यासारखी काळपट दिसत होती. म्हटलं दव असेल. आज बगते तर ही अशी.”

आत्मारामने पानं हातात घेतली. त्याला चष्मा वर करावा लागला नाही. पानभर वाळलेल्या कागदासारखे, राखाडी-पांढरट डाग होते. काही मोहरीएवढे, काही नाण्याएवढे, थेंब जसे पडतात तसे. मधली जागा मात्र हिरवीगार होती.

तो तिच्यामागून गेला. मळ्यात योगिनी उभी होती, आणखी दोघी-तिघी बायका होत्या. साहेब आले म्हणून त्यांनी वाट दिली. गडग्याला लागून असलेल्या ओळींत एकही पान धड नव्हतं. तिथून जसजसं आत जावं तसतसे डाग विरळ होत गेले होते आणि विहिरीपलीकडे एकही नव्हता. त्याने एक मोठं पान उचललं. त्याच्या सावलीत असलेलं खालचं पान स्वच्छ होतं. वेलीच्या टोकाला कालपासून उलगडलेलं कोवळं पान, तेही स्वच्छ. रोग असा एका रात्रीत, एका बाजूने, वरवरच्या पानांवर येत नाही. रोग जुन्या पानांपासून हळूहळू चढतो, त्याच्या डागांना वलयं असतात, भोवती पिवळी कड असते. या डागांना काहीच नव्हतं. हे सगळं तो प्रशिक्षणांत खडूने फळ्यावर काढून दाखवायचा.

“काय आहे वो हे?” योगिनीने विचारलं.

सगळ्या जणी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. गडग्यापलीकडे त्याच्याच बागेतलं गवत पिवळं पडून झोपलेलं दिसत होतं. कुणी मान वळवली असती तरी दिसलं असतं. पण साहेब समोर असताना मान वळवायची कुणाला काय गरज?

“करपा,” आत्माराम म्हणाला.

शब्द बाहेर पडला आणि त्याच्या नेहमीच्या जड आवाजातच पडला.

“पसरतो काय हा?” दमयंतीने विचारलं.

इथे त्याला मागे फिरता आलं असतं. पण पसरत नाही असा करपा नसतो, आणि चुकीचं उत्तर दिलं तर योगिनीसारखी बाई उद्या मोबाईलवर बघून विचारील.

“पसरतो. जास्त खराब झालेले वेल काढून जाळ. बाकीच्यांवर बुरशीचं औषध मार. मी नाव लिहून देतो.”

त्याला वाटलं होतं, ती चार-दोन वेल उपटेल. उरलेल्यांना आठ-दहा दिवसांत नवी पानं फुटतील, बुरशीनाशकाने झालं असं सगळ्यांना वाटेल आणि विषय संपेल. औषध मुळात गेलेलं नाही, वेल मरणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी आल्यावर त्याची बायको प्रभावती पंपाच्या वेळचा सदरा वेगळा धूत होती. तिने विचारलं, “दमयंतीला काय झालंय मळ्यात?”

“करपा आलाय.”

प्रभावती सदरा पिळता पिळता थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या सदऱ्याकडे, आणि तो दोरीवर टाकला. आत्माराम आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला बहिणीच्या घरच्या लग्नाला गुहागरला जायचं होतं. तीन दिवसांनी परत आला तेव्हा दमयंतीच्या मळ्याच्या कोपऱ्यात राखेचा ढीग होता. विहिरीच्या अलीकडचा सगळा मळा उघडा पडला होता. माती उकरलेली, आणि तिच्यावर सुपारीएवढी, लिंबाएवढी हिरवी फळं इकडेतिकडे सुकत पडलेली. सत्तर-ऐंशी वेल तिने मुळासकट काढले होते.

तो गडग्याला हात लावून उभा राहिला. पलीकडून दमयंती आली. तिचे हात चिकाने काळे झाले होते.

“सगळेच काढलेस?” त्याने विचारलं.

“मग काय करू, भाऊ? पसरतो म्हणालात. बाजूला योगिनीचं हाय. तिच्या मळ्यात गेला तर मी तोंड कुठे दाखवू?” मग ती जरा हसली. “विहिरीपलीकडचे ठेवले. त्यांना नाय काय झालेला. तुमी वेळेत सांगितलंत म्हणून तेवढे वाचले.”

आत्मारामला काहीतरी बोलायचं होतं. “बरं केलंस,” एवढंच तो बोलला.

त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. तो गडग्याच्या बाजूला जायचं टाळू लागला. बागेत जायचंच झालं तर वरच्या अंगाने वळसा घालून जायचा. रात्री झोप लागायची, पण सकाळी डोळे उघडले की आधी मळा डोळ्यांपुढे यायचा आणि मग दिवस सुरू व्हायचा. दमयंती आपल्या घरून वाटीभर कुळथाची पिठी पाठवायची. प्रभावती ती वाटी त्याच्या ताटाजवळ ठेवायची आणि तिथून उठून जायची. तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

इकडे तो शब्द वाडीभर फिरला. करपा कुठेच पसरला नव्हता, शब्द पसरला. लोक सकाळी उठून पानं पालथी करून बघायला लागले. धूळ बसलेलं पान, उन्हाने कडेला वाळलेलं पान, किड्याने खाल्लेलं पान, सगळं करपाच. योगिनीने निरोगी वेलींवर दोनदा बुरशीनाशक मारलं. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाबल्याकडचा निरोप आला. “साहेबांना म्हणावं, त्रास घेऊ नका. करपा आमच्याकडे पण आलाय. आज आमी काढून टाकताव.”

आत्माराम चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. प्रभावती दारात उभी होती.

“जाताय ना?” ती म्हणाली.

तो चपला घालून वरच्या वाडीत गेला. चढ चढताना त्याला दम लागला. बाबल्याच्या तुकड्यात पाच-सहा माणसं जमली होती. सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून, वेलीच्या बुडाशी हात घालून दमयंती वाकली होती. तिनेच बाबल्याला सांगितलं होतं की मला माहीत आहे कसे काढायचे ते, मी येते मदतीला. तिच्यामागे योगिनी होती. एक ओळ निम्मी उपटून झाली होती.

“थांबा,” आत्माराम म्हणाला. “उपटू नका.”

बाबल्याने पान पुढे केलं. “बगा ना साहेब, खालची पानं कशी झालीत.”

आत्मारामने ते पान हातात घेतलंसुद्धा नाही. “ती जुनी पानं आहेत, बाबल्या. पाणी कमी पडलं की वाळतात. याला काही झालेलं नाही.”

“पण दमयंतीवहिनीकडे झालेला तोच हाय ना हा?”

“नाही. हा करपा नाही.” त्याने घसा साफ केला. “आणि दमयंतीकडे होता तोही करपा नव्हता.”

दमयंती सरळ उभी राहिली. तिच्या हातात उपटलेला वेल तसाच होता.

“मग काय होता तो?” योगिनीने विचारलं.

आत्माराम जमिनीकडे बघत बोलला. त्याला वाटलं होतं की सांगायला बराच वेळ लागेल. पण सांगण्यासारखं थोडंच होतं. “मी गडग्याला तणनाशक मारलं. वारा सुटला होता. थेंब पलीकडे गेले. ते डाग त्याचे होते. ते औषध पडेल तिथंच जाळतं, पुढे जात नाही. वेल मेले नसते. पंधरा दिवसांत नव्या पानांनी झाकले गेले असते.”

बाबल्याने हातातलं पान खाली टाकलं.

“तुमाला कदी कळलं हे?” दमयंतीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

“पानं बघितली तेव्हाच.”

“म्हणजे माझ्या मळ्यात उभे होतात तेव्हा?”

“हो.”

“आणि मी काढत होते तेव्हा ठाऊक होतं.”

“मी गुहागरला होतो, दमयंती. मला वाटलं तू दोन-चारच...”

“ठाऊक होतं काय नव्हतं?”

“होतं.”

तिने हातातला वेल मातीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग पदराने हात पुसले आणि उतारावरून घराकडे निघून गेली. योगिनी तिच्यामागे दोन पावलं गेली आणि परत फिरली.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमाला म्हायती नसेल. तुमी करपा म्हणालात त्या रात्री वहिनी माझ्याकडे आली होती. म्हणाली, माझ्या मळ्यात रोग आला, तुझ्याकडे आला तर मला माफ कर. माझ्या पाया पडायला वाकली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई. मग सगळ्यांच्या घरी गेली, ज्यांनी ज्यांनी कलिंगड लावलाय त्यांच्या. बाबल्याकाकांकडे पण.”

“आली होती,” बाबल्या म्हणाला. “मीच चार शब्द बोललो तिला. बियाणं बघून घ्यायचं होतंस म्हणालो.”

इतके दिवस त्याला वेलींची लाज वाटत होती. सुकलेल्या फळांची वाटत होती. ही गोष्ट त्याच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. आपली मान ताठ राहावी म्हणून आपण एक शब्द बोललो आणि तेवढ्यापायी ती बाई सात घरांच्या पायऱ्या चढून मान खाली घालून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या घरी गेला. ती अंगणात गोवऱ्या रचत होती. नेहमी तो दिसला की आधी पाण्याचा तांब्या यायचा, मग बोलणं. आज ती गोवऱ्या रचत राहिली. तो तुळशीपाशी उभा राहिला.

“माझी चूक झाली,” तो म्हणाला. “तुझं जे नुकसान झालं ते मी भरून देतो.”

“नको.”

“मग पुढच्या हंगामात मी स्वतः येऊन—”

“साहेब.” तिने पहिल्यांदाच त्याला साहेब म्हटलं. “वेल गेले ते गेले. वारा काय तुमच्या हातात नव्हता, तेव्हाच खरं सांगितलं असतंत तर मी काय म्हणणार होते? दोन दिवस बोलले असते, मग संपलं असतं. शेजार हाय. पण मला वाटत होतं, माझ्याच हातात काय तरी वाईट हाय. पहिल्यांदा काय लावलं आणि त्यात रोग. ह्यांना फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, तुला जमायचं नाय, सोड. मी म्हटलं, होय, नाय जमत.” तिने गोवरी ढिगावर ठेवली. “ती फळं मी माझ्या हाताने खुडली. रडत खुडली. तुमी गडग्याशी उभे राहून ‘बरं केलंस’ म्हणालात.”

आत्मारामने विचारलं, “मी काय करू?”

“मी ज्या घरी गेले त्या घरी जा. माझ्या मळ्यात रोग नव्हता म्हणून सांगा. मी सांगून उपयोग नाय, त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायला हवं. आणि ह्यांना फोन करा. तुमचा फोन उचलतील.”

तो त्याच दिवशी निघाला. काही घरांत आदल्या दिवशीची बातमी पोचली होती, काही घरांत नव्हती. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याकडे सांगणं जास्त जड गेलं, कारण ते “असू दे साहेब, बसा” म्हणायचे, खुर्ची पुढे करायचे, आणि तो खुर्चीच्या काठावर बसून पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. वारा, औषध, करपा, सगळं. कुणी मधेच “चालायचंच” म्हटलं तर तो म्हणायचा, “नाही, पूर्ण ऐका.” एका घरी म्हातारीला नीट ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी त्याला ते ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या घरातली माणसंसुद्धा पडवीत येऊन उभी राहिली. “म्हणजे तू खोटं बोललास,” म्हातारी म्हणाली. “होय आजी,” तो ओरडला, “खोटं बोललो.”

रघूचा फोन दुपारी दोनला लागला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. रघूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी तिला नको ते बोललो, साहेब.” आणि फोन ठेवला. तो कुणावर रागावला होता, आत्मारामवर की स्वतःवर, ते आत्मारामला कळलं नाही. विचारायचा अधिकार आपल्याला नाही, एवढं मात्र कळलं.

बाबल्याचे उरलेले वेल राहिले आणि धरले. विहिरीपलीकडचे दमयंतीचे वेलही धरले. मार्चमध्ये शिमग्याला रघू आला तेव्हा दोघांनी मिळून फळं काढली आणि पावसच्या रस्त्याला चादर अंथरून विकली. एका सकाळी टेम्पोत फळं चढवताना आत्माराम बागेतून दिसला. तो पुढे आला आणि एक कलिंगड उचलायला वाकला. “राहू दे साहेब,” दमयंती म्हणाली, “होईल आमचं.” बोलण्यात राग नव्हता. तो बाजूला उभा राहिला आणि टेम्पो जाईपर्यंत तिथेच राहिला. रिकाम्या अर्ध्या मळ्यात तिने चवळी टाकली होती. ती उगवून आली होती.

घरी त्याच्यात आणि प्रभावतीत या विषयावर एकदाच बोलणं झालं. ती भाकरी थापत म्हणाली, “मीसुद्धा गप्प राहिले. सदरा हातात होता माझ्या.” तो म्हणाला, “तू काय करणार होतीस?” ती म्हणाली, “जाऊन सांगणार होते. गेले नाही.” मग दोघंही जेवले.

पानं घेऊन येणारी माणसं कमी झाली. येत नाहीत असं नाही, पण आता कुणी एकटं येत नाही, दोघं-तिघं येतात आणि त्याने नाव सांगितलं की एकमेकांकडे बघतात. त्याला ते बोचतं आणि ते बरोबर आहे हेही त्याला कळतं. चुकण्याची जराशी शंका असली तरी तो आता सांगून टाकतो, “मला खात्री नाही, तालुक्याला दाखवा.” पूर्वी हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

मे महिन्यात एके दिवशी तो बागेत आंबे उतरवत होता. गडग्यापलीकडे योगिनी दमयंतीला चवळीचं पान दाखवत होती. “कुणाला विचारू गो वहिनी, हे काय झालंय ते?”

दमयंतीने पान उलटंसुलटं करून बघितलं. मग तिने बागेकडे हात केला. आत्माराम तिथेच आहे हे तिला दिसत होतं आणि आवाज तिने मुद्दामच खाली केला नाही.

“त्यांना विचार. त्यांच्याएवढं इकडे कुणाला कळत नाय. पण आधी म्हणावं, खरं सांगा.”

योगिनी गडग्याशी आली. आत्मारामने हातातली घळ, आंबे उतरवायची जाळीची काठी, झाडाला टेकवून ठेवली, घाम पुसला आणि पान बघायला तिच्याकडे निघाला. मान त्याने वर केली नाही.